रुकडीच्या अलीकडं बंद पडलेलं डिझेल

अन्याय झाला तो माझ्या मामांवर. एका सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, रुकडी स्टेशनच्या अलीकडं.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या कोल्हापूर-मिरज लायनीवर कोळशाचं इंजिन जाऊन डिझेल आलं आणि त्या पहिल्या डिझेलवर ड्रायव्हर होते आमचे मामा. ते डिझेल अर्ध्या तासात काळा धूर ओकत उभं राहिलं ते राहिलंच! चौकशी झाली. कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं, ‘समजले नाही’. आणि कारण समजलं नाही की दोष माणसाचा, हा तर सरकारी रिवाजच! मामांच्या फाइलीत ‘हलगर्जी’ असा शेरा पडला. त्यांना इंजिनावरून उतरवून हजेरीच्या टेबलाशी बसवलं.

मी तेव्हा नववीत होतो. दहा-बारा वर्षांनी मामांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले, तोवर मी चळवळीत पडलो होतो. (म्हणजे राजारामपुरीत खड्डे आणि नळांवर आठवड्याला एक पत्रक काढत होतो. उद्गारचिन्हाशिवाय मला चहासुद्धा मागता येत नव्हता!) शेरा पुसल्याशिवाय मामा निरोपाचा नारळ घेणार नाहीत, असं मी घरात जाहीर केलं.

“काढ तू पत्रक!” आई म्हणाली. ती मामांची थोरली बहीण. “माझ्या भावाला बुडिवलं मुडद्यांनी! सोडू नगंस एकाला!”

“आक्का, जाऊ दे की,” मामा पुटपुटले.

“तू गप! तुझ्या ह्या गरीबपणानंच वाटोळं झालंय!”

मामा गप्प बसले. (ते इतकी वर्षं गप्पच होते. आम्हाला वाटायचं, स्वभाव!)

मी हजार पत्रकं छापली. ‘कोल्हापूरच्या माथी भंगार डिझेल! गुन्हेगार कोण?’ पुरावा नव्हता. आधी छापायचं, पुरावा मागून शोधायचा, ही आमची पद्धत. मग लागलो शोधायला. आमच्यासारख्या आडबाजूच्या लायनींवर सुरुवातीला कसली इंजिनं पाठवली, नवी की वापरलेली, यावर दोन महिने घासले. रद्दीच्या दुकानांत दुरुस्तीची पुस्तकं उकरली, जुने कागद चाळले. शोध लागला, पण असा की आमचं इंजिन कोरं करकरीत होतं! पत्रक मेलं. मी खचतोय होय? लगेच दुसरं काढलं: ‘कोऱ्या इंजिनात घातपात!’ पुन्हा हजार.

ते वाचून मिरजेच्या एका रिटायर फिटरनं मला बोलावून घेतलं.

“पावणं, पत्रक तुमचंच व्हय?” म्हातारा म्हणाला. “बरूबर हाय. घातपातच झालता. ते इंजिन मीच उघडलंय.”

मी लगेच वही काढली. “नाव सांगा! कुणाला भिऊ नका!”

“डिझेल बाजूच्या जाळीतनं हवा वढतंय बघा. आत फिल्टर असतोय, त्यो चोंदला की इंजिन काळा धूर वकतंय. त्यो काढून आपटला, तर निस्ता गुलाल! जोतिबाची यात्राच भरलीया जणू! आमी तिघं फिटर नखशिखांत गुलाबी. घरी गेलो तर बायको म्हणती, कोण निवडून आलं वं?”

“मग कारण का नाही लिहिलं?”

“तुमचं मामा पाया पडलं की माझ्या. म्हणलं, लिहू नगा, घरातलं माणूस अडकंल.”

घरातलं माणूस! मी तसाच घरी आलो आणि आईपुढं उभा राहिलो. भावाच्या इंजिनाची पूजा करायला त्या दिवशी स्टेशनवर अर्धं पोतं गुलाल नेला होता, तो हिनंच!

“म्या एकटीनं टाकला व्हय?” आई कडाडली. “सगळं स्टेशन चांगभलं, चांगभलं करत उधळत हुतं! आन म्या आपली पुढं चाकाला टाकत हुते. जाळी न्हाय न् बिळी न्हाय, मला काय ठावं त्यातलं?”

कोपऱ्यातून मामांनी पहिल्यांदाच मान वर केली. “आक्का, मग जाळीची जागा तुला दावली कुणी?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मामांनी तर त्या दिवशीच बघितलं होतं.

तेव्हा मला आठवलं! त्या जाळीपाशी मी मूठभर गुलाल उधळला होता आणि तो सुर्रकन आत गेला होता. काय आनंद झाला होता! “आई, हितं टाक, हितं! इंजिन खातंय बघ!” असं ओरडत पोतं जाळीला टेकवून मीच धरलं होतं.

“मामा, सांगायचं तरी!”

“काय सांगू? भाच्याचं नाव लिव्हून दिलं असतं तर तुझ्या आईनं मला दारात उभं केलं असतं व्हय?”

दुसऱ्या दिवशी मी आणि आई कबुलीजबाब घेऊन रेल्वेच्या कचेरीत गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा तोंडापुढं फाइल धरली. खांदे हलत होते. मग म्हणाले, “शेरा काढता येईल. पण तुम्ही दोघं पडला घरचे. बाहेरचे पाच साक्षीदार आणा.”

काढता येईल! मामा त्या संध्याकाळी दोन भाकरी जास्त जेवले.

सहा आठवडे उरलेत. तेव्हा तुम्हाला विचारतो, तुम्हालाच! त्या सोमवारी तुम्ही कोल्हापूर स्टेशनवर होतात का? गुलाल टाकलात, नुसता बघितलात, तरी चालेल. तसं लिहा आणि खाली सही करा. गुन्हेगार सापडलाय, तोच हे पत्रक तुमच्या हातात देतोय. त्याला काय शिव्या द्यायच्या त्या मागून द्या, आधी सही करा!