चेअरमनचा डाळिंबी फेटा

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात संतोषचा फोन आला. "आप्पा, चेअरमन गेले," एवढंच म्हणाला. मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता… शटर तसंच सोडून मी आत गादीवर जाऊन बसलो. मग ध्यानात आलं, हा पोरगा आपल्या सख्ख्या बापाला चेअरमन म्हणाला. पण त्याला काय बोल लावायचा! घरात त्यांना तेच नाव पडलं होतं. वहिनीसुद्धा 'चेअरमन जेवायला बसलेत' असंच सांगायच्या. ज्या दूध संस्थेचे ते चेअरमन होते तिच्या कुलपाला गंज चढून कैक वर्षं झाली, पण हा माणूस शेवटपर्यंत चेअरमनच राहिला. त्यांचं नाव विठ्ठलराव होतं हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गावातल्या तरण्या पोरांना ते दहाव्याच्या पत्रिकेवर पहिल्यांदा कळलं असेल.

नेकनूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. विठ्ठल जवळच्या खेड्यातून चालत इथल्या शाळेत यायचा आणि माझ्या शेजारी बसायचा. आम्ही लिंगायत वाणी, ते पाटलांच्या भावकीतले, पण आमच्या कपिलधारच्या यात्रेला तो दरसाल आमच्या घरच्यांबरोबर यायचा आणि धबधब्याखाली उभं राहून ओठ निळे होईपर्यंत हलायचा नाही. पुढे त्याने गावात दूध संस्था उभी केली. खरंच उभी केली, हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल करावं. संध्याकाळी संस्थेपुढं चरव्या घेतलेल्या बायकांची रांग, कोंडिबा माप घालतोय, गाडीत कॅन चढतायत आणि हा पांढऱ्या कपड्यात दारात उभा… चेअरमन झाल्यावर पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी चेष्टेनं हात जोडले, "या चेअरमन, तुमी बसा, चहा सांगतो." तो लाजला, पण लाजत लाजत गादीवर असा ऐसपैस बसला की ते 'तुमी' पुन्हा मागे घ्यायची सोय राहिली नाही. पुढची सगळी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करत राहिलो.

वर्षाच्या शेवटी ज्या घरानं सगळ्यात जास्त दूध घातलं त्याचा सत्कार करायचा, ही त्यांची कल्पना. त्यासाठी फेटा हवा होता. म्हणाले, "आप्पा, असला रंग द्या, जो दुसऱ्या कुनाच्या डोक्यावर दिसत न्हाई." माझ्याकडे जरीकाठाच्या डाळिंबी फेट्यांचा एक गठ्ठा पडून होता. गिऱ्हाईक त्याला तमाशातला रंग म्हणून नाक मुरडायचं. मी तो चेअरमनच्या गळ्यात मारला आणि मनातल्या मनात सुटलो. पण त्यांना तो रंग असा आवडला की पुढे मलाच तो मुद्दाम सांगून मागवावा लागला. पाच-पन्नास गावांत डाळिंबी फेटा दिसला की माणसं म्हणायची, हा चेअरमनच्या हातचा. रीत अशी की फेट्याची घडी नारळासकट सत्कारमूर्तीच्या डोक्याला टेकवायची आणि त्याने ती काखेत धरून खाली उतरायचं. बांधायचं काय ते घरी जाऊन.

मग पाठोपाठ दुष्काळ आले. विहिरी आटल्या, जनावरं आधी छावणीला गेली आणि मग बाजारात, मिळेल त्या भावाला. संस्थेत दूध येता येता एका कॅनवर आलं आणि एका कॅनसाठी गाडी कशाला येतेय? निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला कारखान्यांकडं गेलं. संस्था बंद पडली. दुसरा कुणी असता तर त्यानं पांढरे कपडे पेटीत टाकून दिले असते. चेअरमननी इस्त्री आणखी कडक केली. हप्त्यावर जीप घेतली, ती फायनान्सवाले ओढून नेईपर्यंत वापरली आणि नेल्यावर 'दुरुस्तीला टाकलीय' असं सांगितलं. स्टँडवर बसले की समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला चहा. आणि फेटे तर वाढतच गेले. संस्था नव्हती, पण सत्कार होते. कुणाचा पोरगा दहावी झाला, कुणी पलटणीतून सुटीवर आला, ऊसतोडीची टोळी धड परत आली… चेअरमन डाळिंबी फेटा घेऊन हजर. सगळा माल माझ्याकडून, अर्थात उधार.

थोरल्या लेकीचं लग्न त्यांनी ऐन टंचाईत केलं. गावाला आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि यांनी मांडवाबाहेर हात धुवायला नळाच्या तोट्या लावल्या होत्या, सोडली की धो धो पाणी. टँकरही उधारीचे. मला ते दृश्य अजून दिसतं… जेवून उठलेली माणसं हात धुऊन झाले तरी तोटी बंद करत नव्हती, नुसती पाण्याखाली हात धरून उभी होती. म्हाताऱ्या बायका तोंडावरून पाणी फिरवत होत्या. मी चेअरमनच्या कानाशी लागलो, "अहो, हे फिटायचं कसं?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आप्पा, चेअरमनच हात आखडायला लागला तर गावाला वाटंल, आता संपलंच सगळं." गावासाठी म्हणून जे ते करत होते, त्यातलं अर्धं गावासाठी होतं आणि अर्धं स्वतःसाठी. कोणतं कुठलं, ते त्यांनाही वेगळं काढून दाखवता आलं नसतं.

एकदा मात्र माझाही पेठेतला जीव कासावीस झाला. मलाही वरच्या व्यापाऱ्याचं देणं होतंच की. मी म्हणालो, "चेअरमन, औंदा टोपी-टॉवेलवर भागवा. फेटे राहू द्या." त्यांनी हातातली घडी जागेवर ठेवली, चप्पल घातली आणि समोरच्या दुकानात गेले. आमच्या डोळ्यांदेखत तिथून रोख देऊन फेटा घेतला. मी दोन दिवस धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावात मारुतीपुढं कार्यक्रम होता, मला आग्रहाचं बोलावणं. गेलो तर माइकवरून माझंच नाव. "आपले मन्मथआप्पा, ज्यांनी या भागाची लाज झाकली…" असं काहीबाही बोलत त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, आणि घडी डोक्याला टेकवायची सोडून समोरच्या दुकानातला तो फेटा स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर बांधला. फेटा बांधावा त्यांनीच. एकेक पीळ देताना बोटं कपाळाला लागत होती. तुरा काढून झाल्यावर वाकून कानात म्हणाले, "तुमच्या दुकानचा न्हाई म्हनून राग नगा धरू." सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि मला हसू की चिडू कळत नव्हतं. त्या रोखीसाठी त्यांनी घरातलं पितळी घंगाळ मोडीत घातलं होतं, हे वहिनींनी आत्ता, ते गेल्यावर सांगितलं.

त्यानंतर मी कधी नाही म्हणालो नाही. उलट एक काम अंगावर घेतलं, त्यांचं झाकून ठेवायचं. दुकानात कुणी खडा टाकून बघायचं, "चेअरमनचं कसं चाललंय आप्पा?" मी चटकन सांगायचो, "त्यांचं काय, रोखीचं गिऱ्हाईक हाय." घरच्यांनाही सांगितलं नाही. गावातल्या कुणाला हे कळता कामा नये, कळलं तर हा माणूस जगायचा नाही, अशी माझी पक्की समजूत. आम्हा दोघांतच ते होतं. ते गादीवर बसायचे, बोटाच्या चिमटीत कापड धरून पोत बघायचे, पैशाचं कधी बोलायचे नाहीत. मीही नाही.

शेवटचे आले ते उन्हाळ्याच्या तोंडाला. पायरी चढतानाच थांबले. शर्टाची इस्त्री नेहमीसारखी, पण कॉलर घामानं भिजलेली. छातीत कळ येते म्हणाले, डाव्या हातात उतरते. मी लगेच उठलो. बीडला सरकारी दवाखान्यात माझा ओळखीचा माणूस होता, आत्ताच जाऊ म्हणालो. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "तिथं लायनीत समदी आपलीच मान्सं उभी असत्यात आप्पा. आष्टीपसून येत्यात. चेअरमन बी हितंच आला म्हनतील… मग काय राह्यलं?" मोठ्या खाजगी दवाखान्यात दाखवायचं, औरंगाबादला, पण जरा हात मोकळा झाला की. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे विठ्ठल, जीव मोठा का लायन मोठी?" ते जरा चमकले. हसले. मग म्हणाले, "चहा सांगा." चहा त्यांनी अर्धाच घेतला. हात मोकळा व्हायची वाट बघता बघता महिनाही गेला नाही, आणि संतोषचा तो फोन आला.

तेराव्याला मी गेलो. दुखवटा संपला की त्यांच्याकडे थोरल्या लेकाच्या डोक्याला फेटा लावतात. आधी मामाचा, मग भावकीचा, मग गावातल्या ज्या त्या घराचा. मामाचा झाला. मग एकेक माणूस पिशवीतून फेटा काढून पुढं येऊ लागला आणि मी बसल्या जागी ताठ झालो. डाळिंबी. मागून आणखी एक, डाळिंबी. जरीकाठ तोच. घडीवर पिवळी पडलेली आमच्याच दुकानाची चिठ्ठी. संतोषच्या मांडीजवळ ढीग साचत गेला, आणि त्यातल्या एकाचीही घडी मोडलेली नव्हती. आलेला आहेर न वापरता पुढं सरकवायचा, हे आमच्या धंद्यात रोज बघतो. एकच टॉवेल-टोपी मी चार लग्नांत ओळखली आहे. पण ज्याने दिला त्याच्याच तेराव्याला त्याचाच फेटा? माझं डोकं फिरलं. बाहेर लिंबाखाली कोंडिबा बसला होता, संस्थेत दुधाला माप घालणारा. आता पार थकलाय. त्यालाच मी धरलं.

"कोंडिबा, लाज कशी वाटत न्हाई रे गावाला? एवढं केलं त्या माणसानं, आन त्याच्याच घरात फिरता आहेर?"

कोंडिबानं वर बघितलं. रागावला नाही. "फिरता कावून आसंल आप्पा? आमी ठिवलेलं हाईत ते." पायाजवळची माती चिवडत तो सांगू लागला. "वहिनी भाकरीसंगं कोरड्यास न्हाई म्हनून आमच्या घरून मीठ-मिर्ची न्यायच्या. दिसत न्हवतं का आमाला? तुमची उधारी समद्या गावाला ठावं हुती. आसल्या मान्साचा फेटा डोक्याला कोन गुंडाळील? आन नगं म्हनावं तर त्याचं त्वांड एवढंसं झालं आसतं. म्हनून घ्यायचा, पाया पडायचं, आन पेटीत ठिवायचा. त्याच्या लेकराच्या कामाला येतील म्हनलं."

मी त्याच्या शेजारी मातीतच बसलो. सत्काराच्या वेळी वाजलेल्या टाळ्या, ते वाकून पाया पडणं, सगळं आठवत गेलं. मी जे इतकी वर्षं जिवापाड झाकलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तेही माझ्यासारखेच झाकत होते. एकाही माणसानं त्यांच्यापुढं कधी अवाक्षर काढलं नाही. किती जपलं गावानं त्यांना… आणि ती सरकारी दवाखान्याची लायन चुकवता चुकवता आमचा माणूस गेला. मला तिथं रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

परवा संतोष तो सगळा गठ्ठा घेऊन दुकानात आला. "आप्पा, घरात ठेवून बघवत न्हाईत. कोरे हाईत, परत घ्या, तेवढंच चेअरमनचं देणं कमी होईल." बोलताना शर्टाची कॉलर त्यानं नीट केली, अगदी बापासारखी. मी म्हणालो, ते सगळं मिटलं, त्याचा विषय काढू नको, पण गठ्ठा ठेवून जा. ते फेटे मी विकणार नाही. आतल्या कपाटात लावून ठेवलेत. त्यांच्यावरच्या फळीवर समोरच्या दुकानातला तो एक आहे, त्यांनी माझ्या डोक्यावर बांधलेला. त्या दिवशी घरी येऊन मी तो अलगद काढून ठेवला, तो कधी सोडलाच नाही. पीळ अजून त्यांच्या हाताचे आहेत. सकाळी शटर उघडलं की उजेड आधी तिथंच जातो. दुकानात कुणी नसतं तेव्हा मी त्याच्याशी बोलतो, पूर्वी शाळेत बोलायचो तसं. अरे विठ्ठल, समद्यांना ठावं हुतं बे. चल, लायनीत उभं राहू.