श्वासावरचा हात

त्या नाट्यगृहात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. तानसेन होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, पण कानसेन व्हायला कुणाची ना नाही, असं एकदा कुणीतरी चेष्टेत म्हटलं आणि तेव्हापासून ते कानसेनच झाले. एकतीस वर्षं ते प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीशी, उघड्या खिडकीच्या अरुंद खोलीत, आवाजाच्या मिक्सरपुढे बसत आले होते. कुणाचा घसा बसलाय, कुणाचा माइक कॉलरला घासतोय, कितव्या रांगेतली खुर्ची करकरते आहे, हे ते मान वर न करता सांगत.

त्यांच्या कसबाची खरी परीक्षा एकाच ठिकाणी होई. गेली सहा वर्षं तिथे चाललेल्या एका नाटकाच्या शेवटी म्हातारी आई एकटी उरते आणि निघून गेलेल्या मुलाला उद्देशून म्हणते, ‘‘जा. दार मी लावून घेते.’’ मग भिंतीवरच्या घड्याळाचे पाच ठोके पडतात आणि अंधार होतो. आईचं काम करणाऱ्या नटीला सगळे बाई म्हणत. बाई ते वाक्य नुसतं कुजबुजत. कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची, तर त्यांच्या माइकचा फेडर, म्हणजे आवाज चढवण्या-उतरवण्याची सरकपट्टी, वाक्याच्या आधी वर न्यायला हवी आणि वाक्य संपताच खाली. नाहीतर नुसती खरखर. बोलण्याआधी बाई एक बारीक श्वास घेत. त्या श्वासावर कानसेनांचं बोट उचललं जाई. बाई म्हणत, ‘‘मी पडले तर रंगमंचावर पडेन, पण माझा आवाज पडणार नाही. मागे हा माणूस बसलाय.’’

दोन वर्षांपूर्वी जुना मिक्सर जाऊन डिजिटल आला. कानसेनांनी त्याच्याकडे आधी सवतीच्या नजरेने पाहिलं. पण महिनाभरात त्याची पुस्तिका त्यांना तोंडपाठ झाली. या मिक्सरच्या पट्ट्यांना मोटर होती. एकदा हाताने केलेली चढउतार तो वेळेसकट लक्षात ठेवी आणि सांगाल तेव्हा तश्शी करून दाखवी, जणू कुणी अदृश्य माणूस पट्ट्या सरकवतो आहे. शिवाय बाहेरच्या यंत्रालाही तो हुकूम सोडी: ठरल्या क्षणी लॅपटॉपला इशारा जाई आणि घड्याळाचे ठोके आपोआप वाजत. एका चांगल्या रंगलेल्या प्रयोगात कानसेनांनी शेवटच्या प्रवेशाची आपली सगळी हालचाल त्यात साठवून ठेवली. आपण कधी आजारी पडलो तर असावी, एवढाच हेतू होता.

आजार आला, पण ताप-खोकल्यासारखा नाही. आधी बारीक आवाज गेले. किल्ल्यांचा, कागदाचा, फुटपाथवर मागून येणाऱ्या सायकलच्या घंटीचा. मग माणसांच्या बोलण्यातले स आणि श गळू लागले. आणि एका प्रयोगाला त्यांनी बोट तयार ठेवलं, जिवाचा कान केला, आणि श्वास आलाच नाही. बाईंचे ओठ हलताना दिसले तेव्हा कुठे त्यांनी पट्टी ढकलली.

घरी बायकोने शब्दानेही विचारलं नाही. तिने वायरमनला बोलावून दाराच्या घंटीला एक लाल बल्ब जोडून घेतला आणि म्हणाली, ‘‘मला आत स्वयंपाकघरात ऐकू येत नाही हो.’’ तिचे कान शाबूत होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. झाकली मूठ तशीच राहिली.

मिक्सर चालवायच्या दोन रीती होत्या. एकीत दर वेळी बटण दाबून पुढची पायरी घ्यायची. त्यात नट थांबला की यंत्रही थांबतं. पण बटण दाबायला नट काय बोलला ते ऐकू यावं लागतं. दुसरीत सगळं घड्याळावर सोडायचं. दिवे बदलताना डोळ्यांना दिसतात, तेवढ्यावर सुरुवात करून दिली की शेवटच्या प्रवेशाची अकरा मिनिटं मिक्सर आपला आपण चालतो. बाई तर अशा नेमाच्या की अकरा मिनिटांत दोन सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. कानसेनांनी घड्याळ पत्करलं.

एकच जपावं लागे. चालत्या पट्टीला बोट लागलं की मोटर माघार घेते आणि ताबा माणसाकडे येतो. जुन्या सवयीने हात पुढे जाऊ नये म्हणून कानसेन शेवटच्या प्रवेशात दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून बसू लागले. शेजारी दिव्यांचं काम पाहणारी तरुण मुलगी बसे. ती एकदा म्हणाली, ‘‘काका, परीक्षेला बसल्यासारखे काय बसता?’’ ते हसले. तिला हो-हो करणं त्यांना जमू लागलं होतं. कुणी काही बोललं की मान हलवायची आणि ‘‘घेतो सांभाळून’’ म्हणायचं. दहातल्या नऊ वेळा ते उत्तर बरोबर ठरे. अशी दीड वर्षं निघाली.

मग बाईंनी काम सोडायचं ठरवलं. गुडघे साथ देईनात. त्यांचा शेवटचा प्रयोग एका दुपारी लागला. प्रयोगाआधी त्या स्वतः मागच्या खोलीपर्यंत चालत आल्या. प्रेक्षक शिरत होते, गलका होता. बाई खिडकीतून रंगमंचाकडे पाहत, कानसेनांकडे पाठमोऱ्या उभ्या राहून, हळू आवाजात काहीतरी बोलल्या. निरोपाचंच असणार, असं कानसेनांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. ‘‘घेतो सांभाळून, बाई,’’ ते म्हणाले. बाई समाधानाने वळल्या आणि गेल्या.

शेवटच्या प्रवेशाचे दिवे बदलले, कानसेनांनी सुरुवात करून दिली आणि हात मांड्यांखाली घातले. वेळ झाली तशी पट्टी वर गेली. वर थांबली. खाली आली. लॅपटॉपला इशारा गेला आणि तिथली हिरवी रेघ नाचू लागली, म्हणजे ठोके पडत होते. सगळं बिनचूक. फक्त अंधार झाला नाही.

अंधार बाईंच्या वाक्यानंतरच करायचा, म्हणून दिवेवाली बटणावर बोट ठेवून ताठ बसली होती. लख्ख उजेडात बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि ठोके संपल्यावर, आत्ता कुठे, त्यांचे ओठ हलले. मागच्या रांगेतली एक प्रेक्षक वळून खोलीकडे पाहू लागली. मग तिच्या शेजारचा. मग आख्खी रांग. कानसेनांना ऐकू काहीच आलं नव्हतं, बाईंचा आवाज पडला हे त्यांना वळलेल्या चेहऱ्यांवरून कळलं. दिवेवालीने त्यांचा दंड हलवला तेव्हा त्यांचे हात मांड्यांखालून निघेनात. मुंग्या आल्या होत्या.

प्रेक्षागृह रिकामं झाल्यावर बाई पुन्हा आल्या. तोंडावरचा रंग तसाच होता. या वेळी त्या समोर उभ्या राहिल्या.

‘‘मी सांगितलं होतं ना तुम्हाला? आज शेवटचं आहे, थोडी थांबून बोलेन, श्वासाकडे कान ठेवा म्हणून.’’

कानसेन बाईंच्या ओठांकडे पाहत होते. त्या पाहण्यावरूनच बाईंना कळून चुकलं.

‘‘कधीपासून?’’

‘‘दीड वर्ष.’’

‘‘मग इतके प्रयोग माझ्या श्वासावर होतं कोण?’’

‘‘माझाच हात, बाई. जुना.’’

बाईंनी दाखवायला सांगितलं. कानसेनांनी रिकाम्या नाट्यगृहात तेवढा शेवट पुन्हा चालवला. कुणी हात न लावता पट्टी अलगद वर चढली, अगदी कुणी झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं तशी. बाई वाकून पाहत राहिल्या. ती खाली येऊ लागली तेव्हा त्यांनी सहज तिच्यावर बोट ठेवलं. पट्टी जागीच थांबली.

‘‘एवढंच करायचं होतं?’’

‘‘एवढंच.’’

बाईंनी बोट काढून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर कानसेनांना ते सोसलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, ‘‘मला सांगायचं होतंत. मी हात हलवून खूण केली असती,’’ आणि कठड्याला धरत एकेक पायरी उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कानसेनांनी व्यवस्थापकांना आपणहून सगळं सांगितलं. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला, आणि मग विचारलं की ते साठवलेलं मिक्सरमध्ये आहे ना अजून? नवी नटी तरुण होती. तिला घड्याळ लावून तालीम देता येईल, ती त्यात बसेल. म्हणजे हात कामावर राहिला आणि माणूस घरी गेला.

शेवटच्या दिवशी त्यांनी दिवेवालीला मिक्सर समजावून दिला. सुरुवात कुठून करायची, लॅपटॉपची तार कुठली, इशारा चुकला तर काय करायचं. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. निघताना ते दारातून परत फिरले.

‘‘आणि बोट पट्टीशी तयार ठेव. यंत्र बरोबर चालत असलं तरी ठेव.’’

ती काहीतरी म्हणाली. त्यांनी मान हलवली नाही. कानामागे हात धरला आणि म्हणाले, ‘‘ऐकू आलं नाही. परत सांग.’’