देवचाराची डहाळी

काल केरीचा डोंगर चढताना काजूच्या पिकल्या बोंडांचा आंबूस वास आला आणि बाबांबरोबरची ती सकाळ आठवली. मी दहा वर्षांची असेन. शहरातून आलेल्या दोन पाहुण्यांना समुद्रापर्यंत चालत जायचं होतं. डोंगर आमच्या मालकीचा नव्हता, पण बोंडं वेचायला पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच जायचो. म्हणून बाबा हौसेने वाट दाखवायला निघाले.

अर्ध्या वाटेवर देवचाराचा, म्हणजे डोंगर राखणाऱ्या दैवताचा, दगड आहे. बाबांनी पाहुण्यांच्या हातात एकेक हिरवी डहाळी दिली. “ही हांगा ठेवा. हो वाटेचो धनी. एकदा ताणें वळखलें की मागीर कोणाक अडयना.”

एकदा देवचाराने ओळखलं की तो कुणाची वाट अडवत नाही, हे समजल्यावर दोघांनी वाकून डहाळ्या ठेवल्या. पुढच्या वळणावर खाली अख्खा समुद्र उघडला, तेव्हा त्यांतल्या एकाने विचारलं, “ही जागा कुणाकुणाला माहीत आहे?”

“आमकांच!” बाबा केवढ्या अभिमानाने म्हणाले.

त्याच पाहुण्याने पुढे डोंगर विकत घेतला. “वाट हांवेंच दाखयली,” असं बाबा मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत पुटपुटत राहिले.

आता तिथे लोखंडी फाटक आहे आणि ‘सोपी डोंगरवाट, फक्त रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी’ अशी पाटी. दगड फाटकाच्या आत, रंगवलेला. मी डहाळी घेऊन उभी राहिले, तसा राखणदार ओशाळून म्हणाला, “बाय, आत सोडूक येवचा नाय. मालक रागावतत.”

त्याच्याशी काय भांडायचं? डहाळी मी फाटकाच्या कडीत खोवली. वाट अडवणं ज्याच्या हातात असतं, त्याच्यापुढेच ती ठेवायची असते.