डोळ्यांत थेंब पडल्यावर

घड्याळजीला डावीकडचं कमी दिसतंय, हे आधी एका गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं. बारीकसा स्क्रू त्याच्या डाव्या कोपरापाशी पडला होता आणि हा सगळं टेबल चाचपत बसला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, डोळ्यांतला दाब वाढलाय, पूर्ण तपासणी करून घ्या, हयगय नको. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

हयगय त्याने केली नव्हती. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला, टिकलीला, तान्ही असल्यापासून इसब होता. कोपराच्या, गुडघ्याच्या वळ्यांत कातडी लाल व्हायची, फुटायची, चिघळायची. बायको कारखान्यात, तिथे फोन फाटकावरच जमा करावा लागे. त्यामुळे शाळेचा फोन यायचा तो यालाच. तीनदा डोळ्यांसाठी नंबर लावला आणि तीनदा अर्ध्यातून उठून तो शाळेकडे धावला. कातडीच्या दवाखान्यात त्याला शिपायापासून सगळे ओळखत. डोळ्यांच्या दवाखान्यातला त्याचा कागद कोराच होता.

"खाजेला सुट्टी नसते का, बाबा?" टिकली विचारायची. तो मलमाचं झाकण उघडायचा.

चौथ्या वेळी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब डोळ्यांत घालून त्याला बाकावर बसवलं. थोड्या वेळाने खिशात फोन वाजला. वर्गाच्या बाई सांगत होत्या, टिकलीने खाजवून रक्त काढलंय, तुम्ही लगेच या. तो सवयीने उठला. पण दार, भिंत, माणसं सगळं एकमेकांत मिसळलं होतं. दुसऱ्याच पावलाला तो कुणाच्या तरी गुडघ्यांवर धडकला. नर्सने दंड धरून त्याला खाली बसवलं. या डोळ्यांनी रस्त्यावर जाऊ देणार नाही, म्हणाली.

फोनमधून पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

"बाई, मला काही दिसत नाहीये. तुम्हालाच करावं लागेल."

मग बाईंनी हळूच विचारलं, "लागण तर होत नाही ना याची?"

या प्रश्नाने एरवी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आज रागवायलाही फुरसत नव्हती. "नाही हो. मी रोज उघड्या हाताने मलम लावतो."

दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मलम, त्याच्या मागे सुती पट्ट्या. आधी पाण्याने धुवायचं, पुसायचं नाही, टिपायचं. तो एकेक सांगत गेला. तेवढ्यात आतून त्याचा नंबर पुकारला. तो हलला नाही. दुसऱ्यांदा पुकारला. नर्स म्हणाली, आता नाही गेलात तर पुन्हा दीड महिना. रडणं ओसरलं होतं. मग टिकलीचाच आवाज आला, "बाबा, बाई हळू लावतात."

तो नर्सचा हात धरून आत गेला.

डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती ती गेलीच, डॉक्टर म्हणाले. उरलेली रोजच्या थेंबांनी राखता येईल. वेळेत आला असतात तर, असं म्हणत त्यांनी थेंबांची चिठ्ठी लिहिली. संध्याकाळी हे ऐकून बायको आधी त्याच्यावर भडकली, मग रडली.

पुढच्या आठवड्यात बाई आपणहून दुकानात आल्या आणि पट्टी नीट बांधायला शिकून गेल्या.