अर्नाळ्यातली फिल्मची चोरी

नोकरीतल्या कितीतरी फिर्यादी विसरलो, पण फिल्मच्या एका डब्याची चोरी काही विसरता येत नाही. पन्नास सालानंतरचा काळ, मी वसईला फौजदार होतो. दोघा मित्रांनी माणिकपुरात एका खोलीवर पाटी लावून चित्रपट कंपनी काढली होती. अर्नाळ्यात चित्रीकरण संपलं आणि शेवटच्या प्रसंगाचा डबा त्यांच्या गावातल्या बिऱ्हाडातून नाहीसा झाला. कोरी फिल्म संपलेली, भाड्याचा कॅमेरा परत गेलेला.

"डबा नाही मिळाला तर कंपनी बुडाली, साहेब," थोरला निर्माता म्हणाला.

मी हट्टाला पेटलो. पंचनामा केला, बारा जबाब घेतले. कंपनीनं काढून टाकलेल्या एका नोकराला दोन दिवस पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. तो निर्दोष होता, याची आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी ठाण्यासमोर मासळी विकणारी बाई म्हणाली, "शूटिंगमदी कोलनीनं बांगड्या फोरल्या ना, तवापासून तिची सासू जेवली नाय."

नवरा दर्यावर असताना कोळीण बांगडीला धक्का लागू देत नाही. आणि या मंडळींनी विधवेच्या प्रसंगासाठी गावातलीच सून उभी केली होती!

निर्मात्याला घेऊन मी अर्नाळ्याला गेलो. त्या सुनेची म्हातारी सासू दारात बोंबील वाळवत होती. डब्याबद्दल तीनदा विचारलं, ती बोंबील उलटत राहिली. मग विचारलं, "मुलगा कधी येणार?" तिचा हात थांबला.

"माजा पोर दर्यान, आनि हिच्या बांगड्या फोरल्या. असा चित्तर ठेवाचा नाय."

टोपलीखालून डबा काढून तिनंच पुढे केला. झाकण उघडंच होतं. सुनेचं चित्र तेवढं काढून घ्यायला तिनं भर उन्हात सगळी फिल्म उलगडली होती. "पन सून कय गावलीच नाय," ती म्हणाली. रसायनात न धुतलेल्या फिल्मवर चित्र दिसत नाही आणि उजेड लागला की ती वाया जाते, हे तिला कोण सांगणार?

निर्मात्यानं डब्याचं झाकण लावलं. म्हणाला, "फिर्याद मागे घेतो. चूक आमची."

चोर कोण, हेच मी चार दिवस विचारत होतो. डब्यात काय आहे, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पुढे प्रत्येक चोरीत तो प्रश्न मी आधी विचारला.

आठवड्यानं मुलगा सुखरूप परतला. त्याला घेऊन म्हातारी ठाण्यात आली.

"त्या शूटिंगवाल्यांना बोलवा. आता माजा चित्तर काढा सांगा. माज्या बांगड्या कवाच फुटल्या."

माणिकपुरातली पाटी आदल्याच दिवशी उतरली होती. ते सांगायला माझी जीभ रेटेना.