वहिनीचं पोट आणि माझी बीएस्सी

माझ्या आधी आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आई औषधाच्या दुकानात जायची आणि दुकानदार सांगेल ते खरं मानायची. बोटीवर बाबांच्या हाताला जखम झाली, महिनाभर काम बंद पडलं, तेव्हा गोळी जेवणाआधी की जेवणानंतर यावरून घरात दोन गट पडले होते. निकाल लागेपर्यंत बाबा उपाशी. आता हे सांगताना आम्ही हसतो. त्या महिन्यात पेज आणि सुकटीवर दिवस काढले, तेव्हा कोणी हसत नव्हतं.

म्हणून पालघरच्या कॉलेजातून मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले तेव्हा घरात माझा भाव वधारला. बोईसरला औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तो आणखी चढला. आळीतलं प्रत्येक दुखणं माझ्याकडे यायला लागलं. मी गोळ्या फक्त तपासते, देत नाही, हे सांगून सांगून दमले. खरं तर फार दमले नाही. आवडायचं मला.

वहिनीचा मुलगा दीड वर्षाचा, अजून अंगावर पिणारा, आणि तिला पुन्हा दिवस गेले. इतक्यात दुसरं नको, असं तिने आणि दादाने ठरवलं. आईला सांगितलं तर ती बोंबील निवडता निवडता म्हणाली, "पोट तिचं हाय. मला काय विचारता?" झालं, विषय संपला.

पालघरच्या डॉक्टरबाईंनी आधी सोनोग्राफी केली. गर्भ जागेवर आहे, सात आठवड्यांचा आहे हे बघितलं, पहिली गोळी समोरच दिली, बाकीच्या गोळ्या दोन दिवसांनी घरी घ्यायला सांगितल्या. दुखेल, म्हणाल्या, पिशवी आवळते, मग दुखणारच. शेक द्या, दुखण्याची गोळी द्या. पण तासाला दोन मोठे पॅड, असं सलग दोन तास भिजायला लागलं, ताप आला, घाण वास आला, किंवा गोळी घेऊनही दुखणं सहन होईना, तर वाट बघू नका, सरळ या. मी सगळं वहीत उतरवलं. वहिनी माझ्या वहीकडे बघून म्हणाली, "बाय, परीक्षा माझी हाय. तू कशाला लिवतेस?"

गोळ्यांच्या दिवशी दुखलं, चांगलंच दुखलं. आई तेलाची वाटी घेऊन आली.

"दाबून देते पोट. सगळं साफ होईल."

"दाबायचं नाही."

"बीएस्सीला पोट शिकवतात काय गो?"

"नाही शिकवत."

"मंग सरक."

मी सरकले नाही. शेवटी ते तेल आईने स्वतःच्या गुडघ्यांना लावलं.

तिसऱ्या दिवशी दुखणं ओसरलं, रक्तही पाळीइतकंच राहिलं. सहाव्या दिवशी वहिनी खळ्यावर गेली. आमच्याकडे मासळी सुकवायच्या मैदानाला खळं म्हणतात. बोंबलाचे दिवस होते, आणि तिला घरात बसवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. नवव्या दिवशी मात्र ती दुपारी परत आली ती ओटीपोट धरूनच. अंग कोमट लागत होतं. थर्मामीटर शंभराच्या थोडा वर गेला.

दीड वर्षाचं पोर तिच्या पदराला ओढत होतं, दादा समुद्रावर, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

आमच्या प्रयोगशाळेत बॅच नापास झाली की शक्य ती सगळी कारणं लिहायची आणि एकेक तपासून खोडायची, अशी पद्धत आहे. मी तेच केलं. पिशवीत काही राहिलं असेल. आत जंतुसंसर्ग झाला असेल. गर्भ नळीत असेल. नाही, सोनोग्राफीत जागेवर दिसला होता, खोडलं. गोळ्यांचा त्रास, तो एकदोन दिवसांचा, जुलाब-उलट्यांचा, खोडलं. गॅस, बद्धकोष्ठ, त्याने ताप कशाला येईल, खोडलं. उरली पहिली दोन, आणि दोन्ही भीतीचीच. मी कारखान्यात फोन करून रजा टाकली आणि वहिनीला एसटीत बसवलं.

उमरोळी गाव मागे पडलं तशी ती कानाशी येऊन म्हणाली, "बाय, मला जायचं हाय."

"निघतानाच जाऊन आलीस ना?"

"परत लागली."

"पालघर आलंच. थांब जरा."

"थांबायची सवय हाय मला," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी मनात माझी यादी घोकत होते.

डॉक्टरबाईंनी तपासलं. सोनोग्राफी केली. पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "पिशवी रिकामी आहे. काही राहिलेलं नाही. वासबीस?"

"नाय."

"लघवीला जळजळ?"

"होते की. पंधराएक दिवस झाले."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनीकडे. "मला का नाही सांगितलंस?"

"तू पोटाचं विचारलंस. मी पोटाचं सांगितलं."

मग सगळं बाहेर आलं. खळ्यावर बायका पहाटेच जातात, उन्हं डोक्यावर येईपर्यंत असतात, आणि जवळपास संडास नाही. म्हणून घरून निघताना कोणी पाणीच पीत नाही. वर्षानुवर्षं अशीच रीत. मीही शाळेत असताना सुट्टीत तशीच गेले आहे, घोटभरसुद्धा न पिता. तरी माझ्या यादीत लघवी नव्हती. कारखान्यात कारण तपासल्याशिवाय खोडत नाही म्हणून शेखी मिरवणारी मी, माणसाला नीट विचारायचंच विसरले होते.

लघवी तपासली, संसर्ग होताच. "गोळ्या घेतल्या म्हणून पोटातलं प्रत्येक दुखणं गोळ्यांचंच नसतं," बाई म्हणाल्या. "पण घरी बसून ठरवलं नाहीत, आलात, ते बरोबर केलंत. ताप होता, यायलाच हवं होतं." औषध सात दिवसांचं दिलं, अंगावर पिणारं मूल आहे का हे विचारून. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही, आणि पाणी भरपूर.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. "जळजळ?" ती म्हणाली. "ती तर मला किती वर्षं हाय. बायकांना असतेच ना?"

वहिनी खो खो हसली. "चला आई, तुमची पण परीक्षा घेऊ."

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन गेले. ती रस्ताभर कुरकुरली आणि परत येताना औषधाची पिशवी मात्र स्वतःच्या हातात धरून बसली.

वहिनीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पोट दुखायचं थांबलं, आणि नंतरची तपासणी साफ आली. खळ्यावरच्या संडासाचा अर्ज मी लिहिला, सह्या वहिनीने गोळा केल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांना तिने ती तिथेच, बोंबील सुकवायच्या काठ्यांखाली बसवून शिकवली. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, एक कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत. वर्ष लागलं. आज खळ्याच्या कडेला बायकांसाठी दोन संडास आहेत, पाण्याचा नळ आहे, आणि वहिनी कामावर बाटली भरून नेते.