डावी पाकळी

रेल्वे आली आणि झाशीत देव वाढले. ही माझी तक्रार नाही, नुसतं सांगतेय. रूळ टाकताना जो दगड लवकर हलला नाही त्याला शेंदूर लागला. सिग्नलच्या खांबाशी एक हनुमान बसला, मालधक्क्याजवळ एक पीर, पाण्याच्या टाकीखाली एक देवी. इंजिनात पाणी भरेपर्यंत ड्रायव्हर तिला नमस्कार करून घेई. यांतले खरे किती आणि आपणच बसवलेले किती, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नसे. माझ्या मावशीला मात्र पडे, कारण लोक तिच्याकडे देवाचं उत्तर मागायला येत.

मावशी म्हणजे अनुसूयाबाई जामदार, माझ्या आईची थोरली बहीण. दतिया गेटच्या आत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. यजमान जनार्दनपंत स्टेशनात पार्सल कारकून होते, ते प्लेगात गेले. तेव्हापासून मावशीच्या अंगावर लाल आलवण आलं आणि डोक्यावरचे केस गेले. आमच्या लोकांनी महाराष्ट्र सोडून शंभर-सव्वाशे वर्षं झाली होती, बोलण्यात निम्मी हिंदी शिरली होती, पण विधवेचं डोकं भादरायची रीत मात्र कुणी वाटेत विसरलं नाही.

मी मावशीला पाहिलं ते तिच्या उतारवयात. पुढची हकीकत तिच्या सुनेनं, शारदावहिनीनं मला सांगितलेली आहे. वहिनी तिखटमीठ लावून बोलणारी नाही. कुठे जास्त झालंच असेल तर ते माझं.

घरचा देव म्हणजे वीतभर उंचीचा काळा दगड. मूळ पुरुषानं तो देशावरून आणला. बंडाच्या धामधुमीत मावशीच्या आजेसासूनं पदराखाली घालून बरुआसागरला नेला आणि निवल्यावर परत आणला. इतक्या पिढ्यांनी त्याला न्हाऊ घातलं की नाकडोळे पुसून गेले, दोन खांदे तेवढे उरले. कुणी त्याला लक्ष्मीनारायण म्हणे, कुणी भैरव. मावशीचे दीर यज्ञेश्वर हे भिक्षुकी करणारे, पोथीतलं सगळं पाठ असलेले. ते म्हणत, "वहिनी, ज्याचं नाव सांगता येत नाही तो देव कसला?" मावशी म्हणे, "त्याला माझं नाव ठाऊक आहे, भावोजी. तेवढं पुरे."

या देवाला ती कौल लावी. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि मनात प्रश्न धरून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण मावशीचा कायदा कडक होता. ज्याला प्रश्न पडलाय त्यानं पाकळीला हात लावायचा नाही, कारण ज्या बाजूला मन असतं त्या बाजूला बोट जरा हलकं दाबतं. प्रश्न सरळ विचारायचा, हवं असेल ते उजवीकडे. कुणी आडून विचारू लागलं, "मुलगी नापास होणार नाही ना," की मावशी थांबवी. "असं नाही. पास होईल का, असं विचार. देवाला कोड्यात घालू नये." आणि एकदा नाही म्हणाला की पुन्हा विचारायचं नाही.

तिच्या कौलावर लोकांचा भरवसा होता, त्याचं कारण जनार्दनपंत. ते तापानं फणफणलेले असताना मावशीनं शेजारणीकडून पाकळ्या लावून घेतल्या होत्या. डावी पडली. मावशी उठली, नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही. दुसऱ्या देवाकडे धावली नाही, नवस बोलली नाही. देव आपल्या पुजारणीलासुद्धा नाही म्हणतो, हे गल्लीनं पाहिलं आणि गल्लीचा विश्वास बसला. माझ्यासारखीचा बसला नसता, मी देवाशी भांडले असते.

मग पहिली जर्मन लढाई लागली. बसऱ्याच्या बाजूला फौजेसाठी रूळ टाकायचे म्हणून झाशीच्या कारखान्यातून माणसं गेली. मावशीचा एकुलता एक मुलगा श्रीकृष्ण फिटर होता, तोही गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुरुवातीला पत्रं येत. खजूर स्वस्त आहेत, माशा फार आहेत, आईनं काळजी करू नये. मग पत्रं थांबली. नदीत सामानाची एक बोट उलटली, तिच्यात झाशीची काही माणसं होती, एवढं कानावर आलं. कोण होती ते कुणालाच सांगता येईना.

सीपरी बाजारात त्याच सुमाराला एक नवा देव निघाला. बसरेवाले बाबा. लिंबाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, आणि पुढे एक गोडबोल्या पुजारी. ज्यांची माणसं समुद्रापार गेली होती अशा सगळ्या बायका देव पाण्यात घालून बसल्या होत्या, त्या तिथे जाऊ लागल्या. पुजारीही पाकळ्याच लावी, पण स्वतःच्या हातानं, आणि पडे ती उजवीच. शारदावहिनी दर मंगळवारी जाई आणि फुललेल्या चेहऱ्यानं परत येई.

"सासूबाई, ठीक आहेत म्हणाला बाबा. लवकर येतील म्हणाला."

"बरं झालं," मावशी म्हणे आणि भाजी चिरत राही.

एकदा वहिनीनं विचारलंच. "तुम्ही गल्लीभराला कौल देता. आपल्या घरचं का विचारत नाही? तुमचा विश्वास नाही का आपल्या देवावर?"

मावशीची सुरी थांबली. "विश्वास आहे म्हणून तर विचारत नाही गं. आपण बसवलेल्या देवाला काहीही विचारता येतं. तो आपलंच मन आपल्याला परत देतो. ज्याला विचारायची भीती वाटते, तो खरा. हा माझा देव मला एकदा नाही म्हणालाय."

वहिनीला ते पटलं नाही. वीस वर्षांच्या मुलीला का पटावं? तिला नवरा हवा होता, खऱ्या देवाची लक्षणं नको होती.

पण सीपरीच्या बाबाचं बिंग लवकरच फुटलं. शेजारच्या विजयालक्ष्मीचा नवरा श्रीकृष्णाबरोबरच गेलेला. मंगळवारी बाबा तिला हो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात तार आली की तो बसऱ्याच्या इस्पितळात दगावला. विजयालक्ष्मी पुजाऱ्याकडे जाऊन एवढंच म्हणाली, "भैया, एकाला तरी नाही म्हणायचं होतंत." शारदावहिनी पुन्हा सीपरीला गेली नाही. बाबा अजून आहे म्हणतात. आता तो परीक्षेचं सांगतो.

लढाई संपली. माणसं परत आली, कुणी काळवंडून, कुणी एक पाय ओढत. श्रीकृष्ण आला नाही. जिवंत असल्याची खबर नाही आणि गेल्याचीही नाही. यज्ञेश्वरभावोजी काही दुष्ट नव्हते. पुतण्याला पाणी मिळत नसेल, त्याचा जीव कुठे लोंबकळत असेल, ही तळमळ त्यांना खरीच होती. पण तळमळीचा उपाय त्यांच्या पोथीत एकच होता. श्रीकृष्णाचे विधी उरकायचे, आणि मग ओघानंच सुनेचं कुंकू पुसायचं आणि न्हावी बोलवायचा.

मावशी टाळत राहिली. शेवटी एके दिवशी ते चार जाणत्यांना घेऊन ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, मी म्हणतो म्हणून नको. श्रीकृष्ण आहे का, सुनेचं कुंकू राहावं का, ते तुमच्या देवाला विचारा. तो हो म्हणाला तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही म्हणाला तर तुम्हीही काढू नका."

नाही म्हणायला जागाच नव्हती. जन्मभर लोकांना जो कायदा सांगितला तो स्वतःच्या घरी कसा मोडायचा? शारदावहिनी आतल्या दाराशी उभी होती. तिच्या केसांची वेणी कमरेपर्यंत होती. मावशीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि न्हाऊन येते म्हणाली.

आता अडलं ते पाकळ्या कुणी लावायच्या यावर. भावोजी पुढे झाले. मावशी म्हणाली, "तुमच्या मनात उत्तर ठरलंय." विजयालक्ष्मी आली, तिचे डोळे आधीच भरलेले. गल्लीतला एकही हात असा नव्हता की ज्यानं श्रीकृष्णाला खेळवलं नव्हतं. तेवढ्यात बरुआसागरहून गाडीनं येऊन आलं विकणारी रामकली पाटी घेऊन दारात उभी राहिली. मावशीनं तिला हातपाय धुवायला लावून आत घेतलं.

भावोजी उठले. "परजातीचा हात देवाला?"

"जिच्या मनात आपला श्रीकृष्ण नाही असा दुसरा हात दाखवा, तिला परत पाठवते."

भावोजी बसले. रामकलीला काय चाललंय ते कळेना. ओल्या पाकळ्या बोटांवर घेऊन तिनं विचारलं, "काय बाई, इतै लगाएँ कि उतै?"

"दोन्ही खांद्यांवर. दोनों तरफ बराबर."

तिनं चिकटवल्या आणि ती पाटीपाशी जाऊन बसली. मावशीनं हात जोडले, डोळे मिटले. चौघे जाणते मान पुढे काढून बघत होते. शारदावहिनी सांगते की तिला त्या वेळी फक्त पाण्याचा वास येत होता, ओल्या दगडावरच्या पाण्याचा. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी सुटली, दगडावरून ओघळली आणि ताम्हनात पडली.

विजयालक्ष्मीनं तोंडाला पदर लावला. भावोजींनी मान खाली घातली, त्यांचेही डोळे पाणावले होते. ते बोलायला तोंड उघडणार इतक्यात मावशी म्हणाली, "कुठली पडली?"

"डावी, वहिनी."

"म्हणजे नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता. "मी विचारलं होतं, शारदेनं कुंकू पुसावं का? देव नाही म्हणाला."

देवाचा कौल जाणत्यांनी डोळ्यांनी पाहिलेला, आणि प्रश्न तर मनातच धरायचा असतो, तो कुणाला ऐकू येणार? भावोजी जरा वेळ मावशीकडे बघत राहिले. मग शब्दाला जागून उठले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. रामकलीनं त्या दिवशी पाटीतलं आलं नैवेद्याला ठेवलं आणि निघून गेली.

त्या दिवसापासून मावशीनं कौल लावणं बंद केलं. लोक यायचे, हात जोडायचे, रागवायचे. देव तोच, मावशी तीच, मग झालं काय? मावशी सगळ्यांना एकच सांगे, "तो आता माझ्यासारखं बोलायला लागलाय. माझंच बोलणं ऐकायला इथवर कशाला येता?" लोकांना वाटे म्हातारी विनयानं बोलते. पूजा तिनं सोडली नाही. रोज न्हाऊ घालायची, गंध लावायची, फूल वाहायची. प्रश्न तेवढा पुन्हा कधी विचारला नाही.

आणखी एक होतं, त्याचा अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही. दरवर्षी त्या कौलाच्या तिथीला ती पाणीसुद्धा न घेता उपास करी. विचारलं तर म्हणे, एकादशी चुकली होती, तिचं प्रायश्चित्त. श्रीकृष्णासाठी ती कधी कुणासमोर रडली नाही. रडणार कशी? सून सवाष्ण आहे असं देवाच्या तोंडून वदवल्यावर आईला मुलासाठी रडायची सोय उरत नाही. मला तिच्याबद्दल सगळ्यात वाईट याचंच वाटतं.

मावशी गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मी झाशीला गेले तेव्हा शारदावहिनी देवपूजा करत होती. वेणीचा आता पांढरा अंबाडा झालाय, कपाळावर कुंकू ठसठशीत. मला भोचकपणा आवरत नाही. मी विचारलं, "वहिनी, तुला तेव्हा खरं वाटलं होतं?"

"काय?"

"की मावशीनं 'कुंकू पुसावं का' असंच विचारलं होतं."

वहिनी देवाच्या खांद्यावरचं पाणी फडक्यानं टिपत होती. "सासूबाईंनी जन्मात कधी आडून विचारलं नाही. हवं असेल ते उजवीकडे. मला त्याच क्षणी कळलं, बाई. त्यांनाही कळलं की मला कळलं. आम्ही दोघी पुढे वीस वर्षं एका घरात राहिलो आणि यावर एक अक्षर बोललो नाही."

"मग हे कुंकू?" मी म्हणाले. "श्रीकृष्णदादा गेलाय हे ठाऊक असून रोज कुणाच्या नावानं लावतेस?"

वहिनीनं देवाच्या माथ्यावर मधोमध एक फूल ठेवलं आणि ते पडत नाही ना हे पाहिलं.

"त्यांच्या," ती म्हणाली. "सासूबाईंच्या. त्यांच्याजवळ एकच खरा देव होता, तो त्यांनी माझ्या केसांसाठी खर्चून टाकला."